जुळलेलं तोंड

चाळीस वर्षं पिंपळखुट्याच्या बाजारात
मी बैलाचे तोंडं उघडले.
डाव्या हातानं नाकपुडी धरायची,
उजव्यानं खालचा ओठ पाडायचा
अन् नजरेनं मोजून घ्यायचं:
आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती,
मंग जुळला.
जुळल्यावर वय कोणी विचारत नाही.
झिजला किती, तेवढंच.

बैलाले वरचे दात नसतेच.
नव्या गिऱ्हाइकाले हे माईत नसते,
थो घाबरते, म्हणते, याचे पडले का हो?
आम्ही दलाल लोकं पोट धरून हासो.

माह्ये वरचे मागच्या पोळ्याले सरले.
शेवटचा भाकरीत निंगाला.
वच्छीनं थो खडा समजून उकिरड्यावर फेकला
अन् ज्वारी देणाऱ्या वाण्याले शिव्या देल्या.

तालुक्याच्या दवाखान्यात मडावी मॅडम.
नातीएवढी पोट्टी.
म्हणे, बाबा, आ करा.
डाव्या हातानं गाल धरला, उजव्यानं ओठ पाडला.
म्या मनात म्हटलं, पकड बरोबर हाय पोरीची.
मंग गुलाबी लगदा भरला तोंडात, पिपरमिंटच्या वासाचा,
म्हणे, हालू नका, घड्याळाकडे पाहा.
भित्तीवरचं घड्याळ बंद होतं.

पाचव्या खेपेले दात भेटले.
म्हणे, साठापासून मोजा.
साठ, एकसष्ट, बासष्ट,
हर आकड्यात शिट्टी वाजे.
म्या विचारलं, शेकड्यात मोजू का हजारात?
तिले समजलं नाही.
पंच्याहत्तरीच्या माणसाच्या तोंडात
शाळेत नव्यानं नाव घातल्यासारखे पांढरे पोट्टे,
सगळे एका उंचीचे, सगळे हजर.

रात्री वाटीत ठेवतो.
वच्छी म्हणते, चहाच्या कपात ठेवशीन तं पाह्य.
अंधारात पाणी प्यायले उठली
अन् वाटी तिच्याकडे पाहून हासत होती म्हणे.
आता वर झाकण घालते.

वांग्याची एक बी तबकडीखाली जाते
अन् बाभळीचा काटा होऊन बसते.
टाळूवर छप्पर आलं.
ठेच्याची चव छपराबाहेर उभी राह्यते,
पाहुण्यावानी, चपला हातात घेऊन.

टोचे, म्हणून परत गेलो.
मडावी मॅडमनं बारकी मशीन काढली,
घर्र करून कड घासली.
भुगा उडाला. वास आला.
थांब पोरी, म्हटलं.
दुखलं का बाबा?
नाही. दुखलं नाही.

थो वास म्या पह्यले घेतला होता,
गोठ्यात, कंदिलाच्या उजेडात, हातात कानस घेऊन.
बोर्डीच्या कवडू ठवऱ्यासाठी.
जुळून झिजलेला बैल
एका रात्रीत सहादाती केला होता.
दुसऱ्या दिवशी कवडू म्हणे, तोंड पाहू का?
पाह्य ना, म्हटलं.
त्यानं पाह्यलं. मंग माह्याकडे पाह्यलं.
भरोसा त्यानं बैलाच्या तोंडावर नाही ठेवला.
दुसऱ्या उन्हाळ्यात बैल वखरापुढं बसला, थो उठलाच नाही.
कवडू भांडाले आला नाही.
बाजारात दिसला का मान हालवे, तेवढंच.

परवा बसस्टँडवर बाकड्यावर बसला होता.
तोंडात एक दात नाही, गाल आत गेलेले.
माह्या तोंडाकडे लय वेळ पाहत राह्यला.
म्हणे, झिंगाजी,
सहादाती झाला गा तू!

मी हासलो, तं वरची तबकडी सुटून हातात आली.
त्यानं घेतली. उलटीपालटी केली.
अंगठ्यानं कड चाचपली,
जिथं घासली होती बरोबर तिथं थांबला.
किती पडले, म्हणे.

म्या गमछा सोडला,
त्याचा हात खाली घेतला
अन् बोटं धरली, जुन्या रीतीनं.
बस आली, गेली.
गमछ्याखालचा आकडा
सांगत नसते कोणाले.